श्वास कुठे थांबवायचा

लानचौ,
३ मार्च १९८०

आदरणीय लुओबाई,

पत्राखालचं नाव वाचून तुम्हाला काही आठवेल असं नाही, म्हणून आधी ओळख सांगतो. १९५७ च्या उन्हाळ्यात यानताईच्या टेकडीवरच्या तुमच्या आरोग्यधामात मी एकशे दहा दिवस होतो. दोन नंबरची खोली, खिडकीजवळची खाट. रेल्वेच्या मोजणी खात्यातला, पोटात व्रण झालेला, काडीसारखा माणूस. शेजारच्या खाटेवर होड्या बांधणारे पांग मिस्त्री होते. ते रात्रभर घोरायचे आणि सकाळी उठून मलाच म्हणायचे, "काय हो, झोपू देत नाही तुम्ही."

गेल्या आठवड्यात न्हाव्याकडे एक आरोग्य मासिक चाळत होतो. त्यात समुद्राकाठच्या बागेत म्हाताऱ्या बायकांना चीगाँग, म्हणजे श्वासाचे व्यायाम, शिकवणाऱ्या एका बाईंचा फोटो होता. नाव वाचायच्या आधीच मी ओळखलं. हात तसाच, बोटं अर्धवट उघडी, पक्षी हातावर बसला आहे आणि उडवायचा नाही अशी. मासिकाच्या कचेरीतून पत्ता मिळवला.

काम असं की पोट पुन्हा बिघडलं आहे. डॉक्टर म्हणतात कापावं लागेल. त्यावेळी तुमच्या श्वासांनी बरा झालो होतो, म्हणून पुन्हा करायला बसलो, तर आठवेना. मधली कितीतरी वर्षं ते करायची सोय नव्हती, हे तुम्हाला मी काय सांगावं. जीभ टाळूला लावायची हे आठवतं. पण श्वास थांबवायचा तो आत घेतल्यावर की बाहेर सोडल्यावर? एवढं कळवलंत तर उपकार होतील.

आपला,
दुआन पेइलिन


यानताई,
१७ मार्च १९८०

कॉम्रेड दुआन,

पत्र मिळालं. आठवत नाही कसं? भाताची पेज नको म्हणून खिडकीतून सदाफुलीच्या वाफ्यात ओतणारे तुम्हीच ना? वाफा मेला होता.

आधी महत्त्वाचं. शौचाला काळं होतं का? होत असेल तर श्वास मुळीच थांबवायचा नाही. नुसता आत, नुसता बाहेर. आणि डॉक्टर कापायचं म्हणाले तर कापून घ्यायचं. श्वास हा सुरीच्या बदली नाही. सुरीच्या आधी आणि नंतर कामाला येतो. माझ्या वर्गात येऊन कोणी औषधं बंद केली असं कळलं तर मी त्याला हाकलून देते.

रक्त जात नसेल तर असं करा. उजव्या कुशीवर पडा, उशी खांद्याला लागेल इतकी वर. नाकाने आत घ्या, जीभ टाळूला. मग थांबा. आत घेतल्यावर, बाहेर सोडल्यावर नव्हे. मग जीभ खाली, आणि सोडा. मनात तीन शब्द, "मी", "शांत", "आहे". पहिला घेताना, दुसरा थांबताना, तिसरा सोडताना. लक्ष बेंबीच्या तीन बोटं खाली. पंधरा दिवस जमलं की शब्द वाढवा, म्हणजे थांबणं आपोआप वाढतं. जोर करू नका. तुम्ही जोर करायचात. कपाळाला आठ्या घालून शांत व्हायचात.

आरोग्यधाम आता नाही. तिथे बंदराच्या कामगारांची बिऱ्हाडं आहेत. १९६६ मध्ये हे श्वास म्हणजे अंधश्रद्धा ठरले आणि मला काढलं. मासळीच्या कारखान्यात नऊ वर्षं फरशा धुतल्या. दोन वर्षांपूर्वी कागदावर निर्दोष ठरले आणि आता बागेत शिकवते. समोर चाळीस बायका असतात. त्यांतल्या तीस जणी फक्त सुनांच्या चुगल्या करायला येतात. काल युए काकू डोळे मिटून उभ्या होत्या. मी म्हटलं, "मन कुठे आहे?" म्हणाल्या, "सुनेच्या स्वयंपाकघरात."

दर दहा दिवसांनी कसं वाटतं ते लिहा.

लुओ शुहेंग


लानचौ,
१२ एप्रिल १९८०

लुओबाई,

काळं होत नाही. आता रोज पहाटे आणि दुपारी करतो. पहिले चार दिवस "मी" म्हणेपर्यंतच श्वास संपायचा. आता "आहे" पर्यंत पोचतो. माझी मुलगी मिनरू लोकरीच्या गिरणीत आहे. ती म्हणते, "बाबा, तुम्ही पडल्या पडल्या काय करता तेच कळत नाही, पण भांडत नाही तुम्ही हल्ली." तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. भली बाई होती. तिच्याशी मी जेवढं चांगलं वागायला हवं होतं तेवढं वागलो नाही, आणि तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

पीत नदी इथे घराजवळून जाते. पहाटे तिच्या काठाने चालत गेलो की तुमच्या तिथला समुद्र आठवतो. तुम्ही आम्हाला खडकांवर नेऊन उभं केलं होतंत ती संध्याकाळ. लाट येते तेव्हा घ्या, जाते तेव्हा सोडा, असं सांगत होतात. पांग मिस्त्री म्हणाले होते, "बाई, ही लाट लहान आहे, मला मोठी द्या." तुम्ही इतक्या हसलात की तोल जाऊन माझा दंड धरलात. तेवीस वर्षं झाली. दंडाला अजून माहीत आहे.

हे लिहायला नको होतं. पण शाईने लिहिलं आहे, आणि कागद दुसरा नाही.

सोबत लिलीचे वाळवलेले कंद पाठवतो, इथले चांगले असतात. पेजेत घाला. माझ्यासारखी वाफ्यात ओतू नका म्हणजे झालं.

तुमच्या घरी कोण कोण असतं?

पेइलिन


यानताई,
६ मे १९८०

पेइलिन,

कंद मिळाले. माझ्या घरी मी आणि थोरली ताई. ताई सत्तरीची, कान कमी, तोंड जास्त. पाकीट उघडताना बघत होती. म्हणाली, "कोण गं हा?" म्हटलं, जुना रुग्ण. म्हणाली, "रुग्ण बरे झाले की कंद पाठवतात, की आजारी पडले की?"

लग्न केलं नाही. विचारलंत ते त्यासाठीच ना.

तुम्ही १९५७ च्या नोव्हेंबरात गेलात. फाटकाशी उभे राहून म्हणालात, "पोचलो की लिहितो." मी आरोग्यधामाच्या टपालखोलीत रोज अकरा वाजता जाऊन उभी राहायचे. तिथला कारकून चांगला होता, तो नुसती मान हलवायचा. दुसऱ्या वर्षी तो मान हलवायचाही थांबला, मला बघून काहीतरी वेगळंच बोलायचा, हवेबद्दल. मग मीच जाणं बंद केलं.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. त्यानंतर इतकं काही झालं की ते दुखणं त्यामानाने गोड वाटतं. ६७ साली मला गळ्यात पाटी अडकवून मंचावर उभं केलं होतं. तेव्हा मी डोळे मिटून तीच संध्याकाळ आठवत होते. खडक, लाट. म्हणून उभी राहू शकले. तुम्हाला कधी कळलं नसतं, म्हणून सांगितलं.

श्वास मोजू नका. मोजणी खात्याची सवय सोडा.

शुहेंग


लानचौ,
२ जून १९८०

शुहेंग,

तुमचं पत्र आलं त्याला अठरा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसलो आणि उठलो.

मी लिहिलं नाही कारण घरी पोचलो तर वडिलांनी लग्न ठरवून ठेवलं होतं. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मग तुम्हाला काय लिहायचं? एवढं भित्रेपण तुम्ही कदाचित माफ कराल. पुढचं करणार नाही. पण मंचावर तुम्ही मला आठवून उभ्या राहिलात असं वाचल्यावर गप्प राहणं शक्य नाही.

१९६६ च्या शरदात यानताईहून दोन माणसं चौकशीला माझ्या कचेरीत आली. त्यांना कुठूनतरी कळलं होतं की दोन नंबरच्या खोलीत मी श्वास करताना शिकवलेले शब्द म्हणत नसे, माझे ओठ वेगळं काहीतरी पुटपुटत. ते खरं होतं. "मी शांत आहे" असं मी पहिले दहा दिवस म्हटलं. मग शब्द आपोआप बदलले. घेताना "शुहेंग". थांबताना "हसली". सोडताना "ऊन पडलं". शंभर दिवस मी तेच म्हटलं, आणि त्यानेच बरा झालो असं मला आजही वाटतं.

त्यांनी विचारलं, "काय पुटपुटत होतात? कोणी दिले ते शब्द?" घरी बायको होती, मिनरू तीन वर्षांची होती. खरं सांगितलं असतं तर आपलं दोघांचं नाव एकत्र घेऊन काय केलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर मी फक्त घाबरलो होतो. मी लिहून दिलं, "लुओ शुहेंग रुग्णांना गुप्त मंत्र देत असे. त्याचा अर्थ आम्हाला सांगत नसे." सही केली.

तुमची नऊ वर्षं त्या सहीने गेली.

तुमच्याकडून श्वास शिकून घेण्याआधी मी हे सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही शिकवलं नसतं, अशी भीती वाटली. म्हणजे या वेळीही तेच केलं.

दुआन पेइलिन


लानचौ,
२० ऑगस्ट १९८०

लुओबाई,

उत्तर येणार नाही हे धरून चाललो आहे. फक्त कळवायचं म्हणून लिहितो. जुलैत काळं होऊ लागलं. तुम्ही सांगितलं होतं तसं थांबणं बंद केलं, नुसतं आत आणि बाहेर. डॉक्टरांनी सप्टेंबरच्या तेवीस तारखेला पोट कापायचं ठरवलं आहे. माझी हरकत नाही.

दुपारी पोस्टमन येतो त्या वेळी मी हल्ली फाटकापाशी असतो. मिनरू म्हणते, "उन्हात कशाला उभे राहता?" तुम्ही दोन वर्षं उभ्या राहिलात. मला जेमतेम अडीच महिने झाले.

पेइलिन


यानताई,
५ सप्टेंबर १९८०

कॉम्रेड दुआन,

तुमचं जूनचं पत्र मी फाडलं. मग ताईने तुकडे गोळा केले. तिला वाचता येत नाही, पण फेकवेना तिला.

ते निवेदन मला मंचावर स्वतः मोठ्याने वाचायला लावलं होतं. खालचं नाव काळ्या शाईने खोडलेलं होतं. "दोन नंबरच्या खोलीतला एक रुग्ण" एवढंच दिसत होतं. त्या खोलीत तिघे होतात. दाराजवळच्या खाटेवरचे शाळेचे गुरुजी ५९ सालीच वारले होते. उरलात तुम्ही आणि पांग मिस्त्री. तुमचा संशय माझ्या मनाला शिवलाही नाही. म्हणून मी ठरवलं, पांग.

७२ च्या वसंतात ते माझ्या दाराशी आले. टोपलीत सुरमई, ताजी. म्हणाले, "बाई, तुम्हाला करंज्यांच्या सारणात आवडते ना?" मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. ते बराच वेळ बाहेर उभे होते, पावलं वाजत होती. टोपली उंबऱ्यावर ठेवून गेले. मी ती उचलली नाही, दुसऱ्या दिवशी मांजरांनी सगळं ओढलं. दोन वर्षांनी ते गेले. अंत्ययात्रा आमच्या गल्लीतून गेली आणि मी खिडकी लावून घेतली.

माझी नऊ वर्षं मी तुम्हाला देऊन टाकीन कदाचित, ती माझी आहेत. पण पांग मिस्त्रींचं दार मी त्यांच्या वतीने कसं उघडू? ते मी लावलं. लावायला तुम्ही लावलंत.

आता ऐका. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी, पाठीवर पडून, तळहात पोटावर ठेवा. शब्द नको. लक्ष पोटावर नको, पायाच्या तळव्यांवर ठेवा, म्हणजे भीती खाली उतरते. शुद्धीवर आलात की खोकला येईल. त्याआधी हलका श्वास तीनदा घ्या, टाके ओढणार नाहीत. पहिल्या आठवड्यात पोटात श्वास न्यायचा नाही, फक्त छातीत. दुखलं तर नर्सला सांगा, सोसत बसू नका.

तुम्ही जगावं असं मला वाटतं. त्याचा अर्थ दुसरा काही काढू नका.

लुओ शुहेंग


लानचौ,
८ डिसेंबर १९८०

लुओबाई,

जगलो. दोन तृतीयांश पोट काढलं. दिवसातून सहा वेळा चमचाभर खातो. तळव्यांवर लक्ष ठेवायचं तुम्ही सांगितलं नसतंत तर त्या सकाळी मी खाटेवरून पळालो असतो.

नोव्हेंबरात चालता यायला लागल्यावर कचेरीत गेलो. तिथल्या बैठकीत उभा राहिलो आणि नवं निवेदन वाचून दाखवलं. ६६ साली मी खोटं लिहून दिलं, लुओ शुहेंग यांनी कोणताही मंत्र दिला नव्हता, ते शब्द माझे होते. काय शब्द, तेही वाचले. चाळीस माणसं होती. कोणी हसलं नाही, हसतील असं वाटलं होतं. कचेरीचा शिक्का घेऊन एक प्रत तुमच्या दफ्तरात लावायला यानताईला पाठवली आणि एक पांग मिस्त्रींच्या घरी, त्यांच्या बायकोच्या नावाने. सोबत वेगळं पत्र लिहिलं. त्यात काय लिहिलं ते इथे परत लिहिण्याचं धाडस नाही.

मिनरूला बैठकीतलं दुसऱ्याच दिवशी गिरणीत कळलं. घरी येऊन म्हणाली, "खोटं बोलले म्हणून लहानपणी मला दारात उभं करायचात. आठवतं?" मी म्हटलं, आठवतं. "आणि आई? आई असताना तुमच्या पोटात दुसऱ्याच बाईचं नाव होतं?" बारा दिवस ती बोलली नाही. पेज करायची, खाटेशी ठेवायची, जायची. तेराव्या दिवशी वाटी ठेवून तिथेच बसली. म्हणाली, "आईला माहीत होतं. तुम्ही झोपेत बोलायचात." मग उठून भांडी घासायला गेली.

तुमच्याकडे मी काही मागत नाही. यायला हवं, तुमच्यासमोर आणि पांग मिस्त्रींच्या थडग्यासमोर उभं राहायला हवं. पण डॉक्टर वर्षभर लांबचा प्रवास नको म्हणतात. दोन दिवसांची गाडी आहे. नकाशावर पटरी बोटाने चालून बघतो. चंगचौपर्यंतच्या काही वळणांची मोजणी मीच केली आहे, कुठे किती अंश ते पाठ आहे. पुढचा रस्ता मला ठाऊक नाही.

पेइलिन


यानताई,
११ फेब्रुवारी १९८१

पेइलिन,

नववर्षाच्या सणाच्या तिसऱ्या दिवशी पांग वहिनी आमच्याकडे आल्या. बागेतून परतून मी नुकतेच बूट काढत होते. त्यांच्या हातात तुमचा शिक्क्याचा कागद. ताईने त्यांना बसवलं, चहा दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली.

मी म्हटलं, "वहिनी, मी त्यांच्या तोंडावर दार लावलं होतं."

म्हणाल्या, "माहीत आहे. घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. टोपलीही तिथेच टाकून आले म्हणून मी रागावले."

"ते मला काही बोलले का नाहीत? मी नाही लिहिलं, एवढं तरी म्हणायचं."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी तेच म्हटलं होतं. जा आणि सांगा तिला, लिहिणारे तुम्ही नाही, तो रेल्वेवाला आहे. खोलीत तिघं होतात, एक मेला, कळत नाही का तिला? तर मला म्हणाले, अगं, ती मंचावर उभी होती तेव्हा मी खाली गर्दीत होतो. कागद वाचताना ती रडली नाही. माझ्यावर चिडून ती उभी राहते आहे, राहू दे. त्याचं नाव कळलं तर ती बसेल खाली. ती अजून त्याच्या पत्राची वाट बघते."

म्हणजे त्यांना माहीत होतं. तुमचंही आणि माझंही. आणि तरी सुरमई घेऊन आले.

मी रडले नव्हते ना तेव्हा, ते सगळं त्या दिवशी वहिनींसमोर रडले. त्या म्हणाल्या, "पुरे आता, चहा गार होतो." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर टेकडीमागच्या थडग्यावर गेले. वारा इतका होता की उदबत्ती पेटेना. शेवटी वहिनींनी कोटाच्या आत धरून पेटवली. मी मोठ्याने क्षमा मागितली. तुमच्या वतीने मागितली नाही. ती तुम्ही येऊन मागायची.

आता माझ्याबद्दल. तुमचं डिसेंबरचं पत्र मी फाडलं नाही. बैठकीत चाळीस माणसांसमोर तुम्ही माझं नाव घेतलंत, हे वाचून राग आला, आणि मग लक्षात आलं की आपल्या दोघांचं नाव एका वाक्यात कोणी मोठ्याने घेतल्याचं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होतंय. मी बावन्न वर्षांची आहे. त्या दिवशी वर्गात मी एक हात वर करून तशीच राहिले, आणि युए काकू म्हणाल्या, "बाई, खाली घ्या, आमचे हात दुखायला लागले."

मी माफ केलं आहे का, हे मला माहीत नाही. एखाद्या दिवशी पूर्ण केलेलं असतं आणि संध्याकाळी पुन्हा सगळं जागेवर येतं. त्याला वेळ लागेल, बराच लागेल. तो वेळ पत्रांत घालवायचा नाही असं मी ठरवलं आहे. आठ दिवस जायला, आठ यायला, आणि मधले दिवस तुम्ही लिहायला बसून उठणार.

वर्ग युए काकूंकडे सोपवते आहे. त्या वाईट शिकवतील, पण कोणी मरणार नाही. ताईला पांग वहिनी आपल्याकडे ठेवून घेतायत, दोघींचं आत्तापासूनच भांडण सुरू झालं आहे. ताई म्हणाली, "बरा झाला नाही तर?" म्हटलं, तर मी तिथे असेन.

मार्चच्या नऊ तारखेला निघते. चंगचौला गाडी बदलून अकरा तारखेच्या दुपारी लानचौला पोचेन. मिनरूला आधी विचारा. तिच्या आईचं घर आहे ते. ती नको म्हणाली तर मी जवळपास खोली बघेन, राग मानणार नाही. तिला हे पत्र वाचायला द्या.

स्टेशनावर येऊ नका, थंडी असेल. मिनरू आली तर बरं होईल. मी ठेंगणी आहे, केस पिकलेत, अंगात कापूस भरलेला निळा कोट असेल.

शुहेंग